आखाडे सरांची पॉलिसी

डोणगावच्या आसपास एखाद्या माणसाला इंग्रजीची नेमकी सात वाक्यं येत असतील, तर तो शालिग्राम आखाडे सरांचा विद्यार्थी आहे असं खुशाल समजावं. आठवं वाक्य येत असेल तर तो पुढं आणखी कुठंतरी शिकलेला असणार.

सर गावच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. उंची बेताची, केस कानापुरते उरलेले, खिशात लाल, निळा आणि काळा असे तीन पेन. गावात चहाच्या टपरीवर ते 'कायले', 'काऊन', 'मले' असं झकास वऱ्हाडी बोलत. पण वर्गाचा उंबरठा ओलांडला की एकदम इंग्रजीत शिरत. टपरीवरचा माणूस आणि वर्गातला माणूस यांची आपसांत ओळख आहे की नाही, अशी शंका यावी इतका फरक पडे.

याचं कारण जुनं होतं. बी. ए. करायला सर अमरावतीला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी सगळ्यांना उठून नाव सांगायला लावलं. शालिग्राम उठला आणि छाती काढून म्हणाला, "सर, आय इज शालिग्राम." सत्तर पोरांचा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले. पुढची तीन वर्षं त्याला कॉलेजात कुणी आखाडे म्हटलं नाही, 'आय इज' असंच म्हटलं. मेसमधल्या स्वयंपाक्यालासुद्धा वाटायचं की या पोराचं आडनाव आयिज आहे. आपल्या पोरांवर असं कुणी हसता कामा नये, हे सरांनी तेव्हाच ठरवलं होतं. बाकी सगळे नियम त्यातूनच निघाले.

नियम चौदा होते. बुलढाण्याला एका उन्हाळी प्रशिक्षणात कुठल्याशा शहरी शाळेचा कागद त्यांच्या हाती लागला होता. वर मोठ्या अक्षरात 'एक्स्पेक्टेशन्स अँड पॉलिसीज' असं लिहिलेलं. सर त्या मथळ्याच्या प्रेमातच पडले. घरी येऊन त्यांनी आपला स्वतःचा कागद तयार केला. विद्यार्थी वेळेवर येईल. तासात फक्त इंग्रजीत बोलेल. अर्धं वाक्य बोलणार नाही, पूर्ण बोलेल. पहिल्या वीस मिनिटांत पाणी प्यायला जाणार नाही. असं करत करत चौदा. खाली पालकांच्या सहीची जागा. फक्त इंग्रजीत बोलायचं म्हटल्यावर पोरांची वाचाच बसेल, हे सरांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सोबत सात वाक्यंही पाठ करून घेतली होती. आत येऊ का, पाणी पिऊ का, बाहेर जाऊ का, उशीर झाला माफ करा, गृहपाठ केला नाही, पुन्हा सांगा आणि आभारी आहे. यांतलं गृहपाठाचं वाक्य पोरांच्या तोंडी सगळ्यात सफाईनं येई. सरांनाही त्यातला उच्चार ऐकून, गृहपाठ नसल्याचं दुःख थोडं कमी होई.

यंदा जूनमध्ये नववीच्या पालकांची सभा झाली, तेव्हा सरांनी हा कागद सगळ्यांना वाटला. "ही आपल्या इंग्रजीच्या तासाची पॉलिसी आहे," ते म्हणाले.

सभा सावध झाली. गावात पॉलिसी एकाच प्रकारची असते. ती घेऊन येणारा माणूस एकदा ओट्यावर बसला की दोन चहा झाल्याशिवाय उठत नाही.

मागच्या रांगेतून अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, "हप्ता किती पडते, सर?" त्यांची दीपमाला नववीत होती. घरची दीड एकर भाजी, मेथी-कोथिंबीर-वांगी, आठवड्याच्या बाजारात स्वतः बसून विकणारी ही बाई. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला.

"हप्ता नाही हो, बाई. पॉलिसी म्हणजे धोरण."

"धोरन म्हंजे?"

सरांनी दोनदा समजावलं. समजावून झाल्यावर सभेला एवढंच कळलं की हप्ता काही नाही.

"फुकट हाये म्हंता? मंग करतो ना बापा सही." अन्नपूर्णाबाईंनी पेन घट्ट धरून आपलं नाव लिहिलं, मग म्हणाल्या, "एक कागद आमाले बी लागन. असे कागद घरी ठिवा लागते." सरांनी त्यांना झेरॉक्स दिली. पुढं दीड महिना सर हा किस्सा शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत होते. 'हप्ता किती पडते' हे वाक्य ते इतकं छान म्हणत, की एकदा मुख्याध्यापकांच्या नाकातून चहा बाहेर आला होता.

ऑगस्टातला बुधवार. तिसरा तास. सर फळ्यावर 'हॅज' आणि 'हॅव' यांचं लग्न कुणाशी लावायचं ते लिहीत होते. दीपमाला शेवटून दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला. मागं मोडक्या बाकांचा आणि छपरावरून उतरवलेल्या जुन्या कवेलूंचा ढीग होता. शाळा तो उचलणार होती, हे बरीच वर्षं चाललेलं. दीपमाला अबोल पोर. अक्षर मोत्यासारखं, पण आवाज हजेरीपुरताच. वही काढायला तिनं बाकाच्या खणात हात घातला आणि तसाच झटकन मागं घेतला.

ती ओरडली नाही. ओरडायचं नाही असा सहावा नियम होता. आणि नसता, तरी ती ओरडली असती की नाही कोण जाणे. ती उभी राहिली, डावा हात वर केला आणि म्हणाली,

"मे आय ड्रिंक वॉटर, सर?"

"नो. रूल नंबर फोर," सर फळ्याकडं तोंड करूनच म्हणाले.

ती बसली. मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा उठली. "मे आय ड्रिंक वॉटर, सर?"

या वेळी आवाज कापला. सरांच्या ते लक्षात आलं. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. ही पोर आजवर एका पट्टीत बोलायची, आज पहिल्यांदा तिच्या वाक्यात चढउतार आला होता. त्यांनी मनातल्या मनात तिला पाच मार्क वाढवून दिले आणि मोठ्यानं म्हटलं, "वेट. टेन मिनिट्स."

दहा मिनिटं ती बसून राहिली. शेजारी नाजिश होती, अन्वर शिपायाची मुलगी. तिनं खालच्या आवाजात, "काय झालं व?" असं दोनदा विचारलं. दीपमालानं नुसती मान हलवली. मग ती तिसऱ्यांदा उठली. ओठ पांढरे पडले होते. बाहेर जाऊ का हे वाक्य तिला हवं होतं, पण सातांतून ते नेमकं हाताला लागेना. जे लागलं ते तिनं म्हटलं.

"मे आय कम इन, सर?"

वर्गात हशा फुटला. सर वळले. त्यांनाही हसू आलं, आणि हसू आलं की त्यांना विनोद सुचे. "बट यू आर ऑलरेडी इन, माय चाइल्ड!" ते म्हणाले. 'ऑलरेडी' कळलं नाही ती पोरंही हसली. सरांचा विनोद इंग्रजीत यशस्वी होण्याची ती बहुधा पहिलीच वेळ होती.

"सर!" नाजिश बाकावरून उठली. तिनं दीपमालाचा उजवा हात ओढून वर धरला होता. "सर, इले इच्चू चावला!"

"इंग्लिश, नाजिश," सर म्हणाले. सव्वीस वर्षांची सवय. ते बोलले नव्हतेच, तोंड आपोआप बोललं होतं.

"इंग्लिशमंदी इच्चूले काय म्हंतेत थे तुमी सांगतलंच नाई ना, सर!"

मग सरांना दिसलं. पोरीच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि हात बर्फासारखा गार. खडू कुठं पडला ते सरांना आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की धावताना डोक्यात 'स्कॉर्पिअन' हा शब्द त्याच्या सगळ्या स्पेलिंगसकट लख्ख उभा होता. आणि तो आपण कधीच शिकवला नाही, हेही तितकंच लख्ख.

अन्वरभाईंनी मोटरसायकल काढली. मध्ये दीपमाला, मागं तिला धरून सर. डोणगावच्या दवाखान्यात इंजेक्शन झालं. तिथल्या डॉक्टरीणबाई नाडी धरून म्हणाल्या, मेहकरला न्या, एकशे आठची गाडी बोलावते. लाल विंचू दिसतो, लेकरांच्या हृदयावर येतं. मेहकरच्या सरकारी रुग्णालयात पोचेपर्यंत पोरीला दोनदा उलटी झाली. पँट-शर्टाकडं सरांनी पाहिलंही नाही. एरवी इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीवर अर्धे बसणारे सर.

तिथला डॉक्टर तरुण होता. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "किती वाजता चावला?"

"मला कळलं पाऊण वाजता," सर म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं ते नाही विचारलं. चावला कधी?"

"त्याच्या आधी."

"किती आधी?"

"तिनं दोनदा पाणी मागितलं. एकदा आत येऊ का विचारलं. इतकं आधी."

डॉक्टरनं पेन थांबवून त्यांच्याकडं पाहिलं, मग घड्याळाचा अंदाज स्वतःच बांधून कागदावर आकडा टाकला. "आज आणि उद्या लक्ष ठेवावं लागेल," तो म्हणाला आणि आत गेला.

अन्नपूर्णाबाई चारच्या सुमाराला आल्या. मेथीच्या जुड्या बांधता बांधता उठून आल्या होत्या, बोटं हिरवी होती. वाटेत घरी जाऊन कागद घेऊन आल्या होत्या. सरकारी दवाखान्यात आधी कागद मागतात, हे त्यांना नवऱ्याच्या वेळी कळलं होतं. पोरीला पाहून आल्या, डोळे पुसले आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर सरांशेजारी बसून त्यांनी प्लास्टिकची पिशवी सोडली. आधार कार्ड. रेशन कार्ड. आणि मग चार घड्या घातलेला, कडा न दुमडलेला एक कागद.

"सर, हे बी आनलं. तुमची पॉलिसी. इच्चू चावला तर यात बसते काय?"

या पॉलिसीचा किस्सा आपण दीड महिना कसा सांगितला, ते सरांना आठवलं.

"पैशासाठी नाई म्हनत मी," बाई घाईनं म्हणाल्या. "पोरीचं काई कमीजास्त झालं तर शाळेनं काय करायचं, थे असन ना यात? वाचून दाखवा. मले कुठी इंग्लिश येते."

सरांनी कागद घेतला. चौदा नियमांचं मराठी त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. कुणी मागितलंच नव्हतं.

"विद्यार्थी वेळेवर येईल."

"बरोबर हाये."

"विद्यार्थी तासात फक्त इंग्रजीत बोलेल."

"हाव."

"विद्यार्थी पूर्ण वाक्यात बोलेल. चार... विद्यार्थी पहिली वीस मिनिटं पाणी प्यायला जाणार नाही."

"पुढचं वाचा."

त्यांनी चौदाही वाचले. आवाज खाली खाली गेला, पण वाचले. बाई प्रत्येक नियमाला मान हलवत होत्या. संपल्यावर त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे तं सगळं इनंच करायचं हाये. पोरगी येईन, पोरगी बोलन, पोरगी उभी राहीन. तुमी काय करसान, थे कितव्या नंबरले हाये?"

"ते नाही लिहिलेलं."

"लिवायचं राहून गेलं काय?"

यात टोमणा नव्हता. फॉर्मवरचा एखादा रकाना मोकळा राहिला, तर विचारावं, तसं त्यांनी विचारलं होतं.

"राहून गेलं," सर म्हणाले. मग त्यांना वाटलं की आता इथंच थांबलो, तर आपण पुन्हा कधी हे बोलणार नाही. "बाई, तिनं मले तीनदा सांगतलं. मले समजलं नाई."

"काय सांगतलं तिनं?"

"पानी पिऊ का म्हने."

"मंग?"

"म्या नाई म्हटलं."

अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. एकदा कागदाकडं पाहिलं. मग सगळे कागद एकावर एक ठेवून पिशवीत घातले, पॉलिसीसुद्धा, आणि गाठ मारून आत पोरीकडं निघून गेल्या. त्या काही बोलल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं.

दीपमाला वाचली. तिसऱ्या दिवशी घरी आली, चौथ्या दिवशी जेवली. पण शाळेत आली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. नाजिश रोज शेजारची जागा झाडून ठेवायची आणि खणात आधी फूटपट्टी फिरवायची. मोडक्या बाकांचा ढीग दोन दिवसांत उचलला गेला होता. इतकी वर्षं तो कुणाची वाट पाहत होता, हे त्यातून सगळ्यांना कळलं. सरांचं मात्र बिनसलं. 'हॅज' आणि 'हॅव' यांच्यात त्यांची स्वतःची गल्लत होऊ लागली. वर्गात पोर उभी राहिली की ते आधी तिच्या बोटांकडं पाहत.

मुख्याध्यापकांनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं. "तो कागद गोळा करून फाडून टाका, आखाडे. कुणी ग्रुपवर टाकला तर आपली शोभा होईल."

"एक कागद गोळा होणार नाही, सर. तो पिशवीत आहे."

रविवारी ते दीपमालाच्या शेताकडं गेले. मायलेकी मेथी उपटत होत्या. अन्नपूर्णाबाईंनी 'या' म्हटलं, पण उठल्या नाहीत. "पोरगी येत नाई म्हंते. मी काई अडवलं नाई तिले."

सर वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले. इस्त्रीची पँट, बुटांना चिखल. "काऊन येत नाई व, दीपमाला? इच्चूचं भेव वाटते काय? ढीग उचलला थो."

दीपमालानं चमकून वर पाहिलं. टपरीवरचे सर तिनं कधी ऐकले नव्हते, त्यांना आपली भाषा येते हे तिला माहीतच नव्हतं.

"इच्चूचं काई नाई, सर," ती मेथीकडं बघत म्हणाली. "पोरं हसले."

"हं."

"अन् तुमी बी."

मग सरांनी तिला अमरावतीचा वर्ग सांगितला. आय इज शालिग्राम. सत्तर पोरं, प्राध्यापक, मेसचा स्वयंपाकी, सगळं. आजवर हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. स्वयंपाक्यापाशी आल्यावर अन्नपूर्णाबाईंना खुदकन हसू फुटलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. दीपमाला हसली नाही.

"मंग तुमाले कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"इच्चू चावल्यासारखं," सर म्हणाले. आणि आपण पुन्हा विनोद केला की काय, या धास्तीनं लगेच गप्प झाले.

निघताना त्यांनी खिशातून कागद काढला. नवा होता, हातानं लिहिलेला, मराठीत. वरचे नियम चौदाचे नऊ झाले होते. पाणी पिण्याचा नियम गेला होता. खाली रेघ मारून 'शिक्षक काय करतील' असं लिहिलं होतं, आणि त्याखाली दोनच ओळी. 'दुखलं, चावलं, भीती वाटली तर विद्यार्थी कोणत्याही भाषेत, अर्ध्या वाक्यात बोंबलेल. सर फळा सोडून येतील आणि हसणार नाहीत.' मुख्याध्यापकांनी 'बोंबलेल' या शब्दाला लाल खूण केली होती. सरांनी तो तसाच ठेवला होता.

त्यांनी बाईंपुढं पेन धरला. बाईंनी हिरवी बोटं लुगड्याला पुसली, कागद दीपमालाकडून वाचून घेतला, दोनदा. पेन मात्र घेतला नाही.

"मागच्या टायमाले सही मी केली होती," त्या म्हणाल्या. "या टायमाले तुमी करा. कागद माह्याजवळ ऱ्हाईन."

सरांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. इंग्रजीत करायची सवय होती, पण मराठीत केली. सव्वीस वर्षांनी 'शालिग्राम'मधला 'ग्रा' जरा वाकडा आला.

सोमवारी तिसऱ्या तासाला दीपमाला आपल्या जागेवर होती. सर तिच्याकडं मुद्दाम पाहत नव्हते, आणि पाहत नाही हे दिसू नये म्हणून खिडकीकडं पाहत होते. फळ्यावर मधोमध 'स्कॉर्पिअन' लिहिलेलं होतं, शेजारी विंचवाचं चित्र. चित्र खेकड्यासारखं आलं होतं, पण वर्गानं ते चालवून घेतलं. तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. दीपमाला उठली.

"मे आय ड्रिंक वॉटर, सर?"

सरांनी खडू टाकला, पुस्तक टाकलं, दोन बाकांना मांड्या आपटत ते मागं पोचले. तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. खण पाहिला, दप्तर उपडं केलं, वाकून, पार फरशीला गाल लावून बाकाखाली पाहिलं. नाजिश फूटपट्टी घेऊन तयारच होती. तिथं पेन्सिलीच्या सालीखेरीज काही नव्हतं. सर गुडघ्यांवर हात टेकून कसेबसे उभे राहिले. छाती धपापत होती, गालाला धूळ लागली होती. आता वर्ग हसेल म्हणून त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. कुणी हसलं नाही.

"काय झालं व, बाई?" ते म्हणाले. "सांग, कोनत्याई भाषेत सांग."

दीपमाला घाबरून त्यांच्याकडं पाहत होती.

"काई नाई, सर. तहान लागली."